‘कॅरी’चे अर्थ पाठ करू नका, ओझं कुणाच्या खांद्यावर आहे ते बघा

ऐरोलीहून एका मुलीचा प्रश्न आला आहे. मराठी माध्यमातून बी.कॉम. झाल्यावर ती आता न्हावा शेवा बंदराशी कामकाज असलेल्या एका फ्रेट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे ग्राहकाचा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या, ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मेलमध्ये सतत कॅरी, कॅरियर, कॅरेज येतं. डिक्शनरी उघडली की अर्थांची रांग संपत नाही. नेव्हीतून निवृत्त झालेले साहेब ‘कॅरी ऑन’ म्हणतात तेव्हा केबिनमध्ये थांबायचं की निघायचं, तेही कळत नाही. हे सगळं पाठ कसं करायचं?

ठाण्यात नौपाड्यात मी नोकरी करणाऱ्यांना ऑफिसातलं इंग्रजी शिकवते. भिवंडीची गोदामं, वाशीचं मार्केट, न्हावा शेव्याची क्लिअरिंगची ऑफिसं, अशा ठिकाणची मुलं वर्गाला येतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझं उत्तर एका वाक्याचं आहे: पाठ करू नका. हे वाक्य खरं का आहे ते मात्र सविस्तर सांगावं लागेल.

‘कॅरी’च्या पोटात दोनच गोष्टी आहेत. कुणीतरी ओझं पेललं आहे, आणि ते पेलूनच तो पुढे चालला आहे. ओझं स्वतः चालत नाही, वाहणाऱ्याबरोबर जातं. बाकी सगळे अर्थ यातूनच निघतात. कुठल्याही वाक्यात ‘कॅरी’ दिसलं की दोन प्रश्न विचारा: ओझं काय आहे, आणि ते कुणावर आहे? अर्थ हाती लागतो.

आपल्याला अडचण वेगळ्याच कारणाने येते. ‘कॅरी’ दिशा सांगत नाही. मराठीत आपण बहुतेक वेळा दिशा ठरवल्याशिवाय क्रियापद तोंडातून काढत नाही. बोलणाऱ्याकडे येत असेल तर ‘आणतो’, दूर जात असेल तर ‘नेतो’. इंग्रजीत हे काम ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ करतात, ‘कॅरी’ त्या बाबतीत गप्प असतं. तुम्ही बी.कॉम. आहात, तुम्हाला हे खातेवहीतून लगेच पटेल. पानाच्या तळाशी बेरीज करून तुम्ही ‘कॅरीड फॉरवर्ड’ लिहिता आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तोच आकडा ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणून येतो. रक्कम एकच. तळाशी आकडा कुणाच्या तरी खांद्यावर चढला, वर तो तुमच्यापाशी पोचला. मराठी माध्यमात आपण ‘शिल्लक पुढे नेली’ आणि ‘शिल्लक पुढे आणली’ असंच शिकलो. म्हणजे ‘कॅरी’ आणि ‘ब्रिंग’मधला फरक तुम्हाला अकरावीपासून येतो आहे.

ओझं कसं धरलं आहे हेही ‘कॅरी’ सांगत नाही. आपण पोर कडेवर घेतो किंवा पाठुंगळी मारतो, पिशवी खांद्याला अडकवतो, छत्री बगलेत मारतो, घागर डोक्यावर घेतो, पाकीट खिशात बाळगतो. वाशीच्या मार्केटात पोती उचलणाऱ्याला आपण माथाडी म्हणतो, कारण ओझं माथ्यावर असतं. त्यांच्यासाठीचा १९६९ चा महाराष्ट्राचा कायदाही त्याच नावाने ओळखला जातो. या सगळ्यांना इंग्रजी माणूस सरसकट ‘कॅरी’ म्हणतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना शब्द कमी लागतात, आणि इंग्रजीतून मराठीत येताना तुम्हाला निवड करावी लागते. डिक्शनरीतली ती लांब रांग बरीचशी यामुळेच वाढते.

शब्दाचं मूळ सांगते, कारण त्याने बऱ्याच गाठी सुटतात. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी. ती लॅटिनने गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून उचलली. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये गाडीतून माल नेणे या अर्थाचं क्रियापद झालं आणि ते इंग्रजीत ‘कॅरी’ म्हणून स्थिरावलं. कार, कॅरेज, कार्गो हे याच घरातले. ‘चार्ज’सुद्धा, कारण त्याचा पहिला अर्थ ओझं लादणे. मग तोफेत दारू भरणे, बॅटरीत वीज भरणे, आणि कुणावर आरोप लादणे. तुमच्या बिलातले ‘चार्जेस’ही त्याच ओझ्याचे.

आता तुमच्या टेबलावरच्या कागदांकडे येते. या शब्दाने खरा फरक पडतो तो तिथे.

फॉरवर्डरने ग्राहकाला ‘वुई विल कॅरी युअर कार्गो टू हॅम्बुर्ग’ असं लिहिणं आणि ‘वुई विल अरेंज कॅरेज टू हॅम्बुर्ग’ असं लिहिणं, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात ओझं तुम्ही तुमच्या कंपनीच्या खांद्यावर घेतलं. माल वाटेत भिजला, हरवला, तर ‘तुम्हीच कॅरियर आहात, तुमच्या मेलमध्येच लिहिलंय’ असं समोरचा म्हणू शकतो. दुसऱ्यात तुम्ही एवढंच म्हणालात की वाहणारा आम्ही गाठून देऊ. तुमची कंपनी नेमकी कोणत्या भूमिकेत आहे हे करार, बिल आणि एकूण व्यवहारावरून ठरतं, एका क्रियापदावरून नाही. पण वाद झाला की जुने मेल काढले जातात आणि त्यातलं प्रत्येक क्रियापद वाचलं जातं. म्हणून माझ्या वर्गातल्या फॉरवर्डिंगच्या मुलांना मी ‘वुई विल कॅरी’ हे तीन शब्द साहेबांना विचारल्याशिवाय लिहू देत नाही.

‘कॅरियर’ म्हणजे ट्रक चालवणारा किंवा जहाज हाकणारा असं डोळ्यासमोर येतं. कागदावर तसं नसतं. वाहून नेण्याचा करार ज्याने स्वतःच्या नावावर घेतला तो कॅरियर. तुमच्या धंद्यात एनव्हीओसीसी म्हणतात ना, त्याचं पूर्ण नाव नीट वाचा: नॉन-व्हेसल ऑपरेटिंग कॉमन कॅरियर. स्वतःचं जहाज चालवत नाही आणि तरी कॅरियर! शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, स्वतःचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल नेण्यासाठी ताब्यात घेतल्याचा कागद, देतो, म्हणजे जबाबदारी पेलतो, म्हणून कॅरियर. रस्त्यावरच्या मालाचंही असंच. आपल्याकडे २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे. त्याच्या आधी इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कॅरियर्स ॲक्ट चालत होता. त्यातला ‘कॉमन कॅरियर’ म्हणजे भाडं घेऊन कुणाचाही माल भेदभाव न करता नेणारा. ‘कॉमन’चा अर्थ तिथे साधा किंवा सामान्य असा नाही, सर्वांसाठी खुला असा आहे.

‘कॅरियर हॉलेज’ आणि ‘मर्चंट हॉलेज’ हेही इथेच उलगडतं. बंदरापासून गोदामापर्यंत कंटेनर नेण्याची व्यवस्था शिपिंग लाइनने केली तर कॅरियर हॉलेज. मालाच्या पार्टीने स्वतःची गाडी लावली तर मर्चंट हॉलेज. रस्ता तोच, उरण फाट्याचं ट्रॅफिकही तेच. फक्त कुणाच्या खांद्यावर, एवढाच प्रश्न.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘कॅरेज पेड टू’मध्ये, म्हणजे सीपीटीमध्ये. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे खरेदी-विक्रीत खर्च आणि जोखीम कुणाची हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी, त्या अकरांपैकी ही एक. भिवंडीच्या व्यापाऱ्याने ‘सीपीटी हॅम्बुर्ग’ म्हणून माल विकला की नवीन माणसाला वाटतं, हॅम्बुर्गला पोचेपर्यंत जोखीम त्याचीच. तसं नाही. भाडं त्याने हॅम्बुर्गपर्यंतचं भरलं, पण जोखीम पहिल्या कॅरियरच्या ताब्यात माल दिला त्या क्षणी खरेदीदाराकडे गेली. पैसे एकाचे, ओझं वाहणारा दुसरा, आणि काळजी तिसऱ्याची. इथे ‘कॅरेज’ म्हणजे वाहतूक आणि तिचं भाडं. घोड्याची गाडी नाही की रेल्वेचा डबा नाही, जरी तेही अर्थ डिक्शनरीत शेजारी बसलेले असले. एफसीए, म्हणजे ‘फ्री कॅरियर’, यातही ‘फुकट’ काही नाही. खरेदीदाराने नेमलेल्या कॅरियरच्या हाती माल दिला की विक्रेता मोकळा.

आणि सी अँड एफ! जुन्या लोकांच्या तोंडी ते ‘कॉस्ट अँड फ्रेट’, म्हणजे मालाची किंमत अधिक जहाजाचं भाडं, जे आता सीएफआर लिहितात. कस्टमच्या कामात ते ‘क्लिअरिंग अँड फॉरवर्डिंग’. औषध कंपन्यांच्या भिवंडीतल्या डेपोवर ते ‘कॅरिंग अँड फॉरवर्डिंग एजंट’. तीन वेगळे अर्थ आणि अक्षरं तीच. मेलमध्ये पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण लिहा.

तुमच्या मेलमधली दुसरी नेहमीची जागा म्हणजे ‘प्लीज कॅरी द ओरिजिनल डॉक्युमेंट्स’. आपल्याकडे भरतीच्या जाहिरातीपासून लग्नाच्या हॉलच्या पावतीपर्यंत हे छापलेलं असतं आणि सगळ्यांना कळतं. भारतात हा वापर इतका रुळलेला आहे की मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र परदेशी वाचणाऱ्याला ‘कॅरी’मध्ये एक तर हाताने उचलून नेणं ऐकू येतं, नाहीतर नेहमी अंगावर बाळगणं. ‘पोलीस कॅरी पिस्टल्स’, ‘आय ऑलवेज कॅरी ॲन अम्ब्रेला’, हे बाळगणं. एका दिवशी एका ठिकाणी कागद घेऊन यायचं असेल तर ‘ब्रिंग’ हाच शब्द. तुम्ही जिथे असणार तिथे समोरच्याने यायचं असेल तर ‘प्लीज ब्रिंग’. समोरचा तिसरीकडे, समजा कस्टम हाउसला, जाणार असेल तर ‘प्लीज टेक’. गाडी चालवताना लायसन्स जवळ असायला हवं हे सांगायचं तर ‘यू मस्ट कॅरी युअर लायसन्स’ अगदी बरोबर, कारण तिथे बाळगणंच अभिप्रेत आहे.

‘कॅरी बॅग’ही आपलीच. ब्रिटिश माणूस ‘कॅरियर बॅग’ म्हणतो. पण आपल्याकडे हा शब्द थेट कायद्यात आहे. केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ‘कॅरी बॅग्ज’ची व्याख्याच दिली आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये त्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली तेव्हा तर तो भाजीवाल्यांच्याही तोंडी बसला. सरकारी नियमात गेलेल्या शब्दाला परकं म्हणण्यात अर्थ नाही.

आता तुमचे साहेब. सैन्यदलात वरिष्ठ आला की हाताखालचे काम थांबवून सावधान उभे राहतात. ‘कॅरी ऑन’ म्हणजे माझ्यासाठी थांबू नका, जे चाललं होतं ते चालू द्या. तुमचं बोलणं किंवा काम अर्धवट असेल तर ते पूर्ण करा. बोलणं संपल्यावर ते ‘ओके, कॅरी ऑन’ म्हणाले तर आपल्या टेबलावर जा, काम सुरू करा. त्यात राग नसतो आणि ‘बाहेर हो’ असंही नसतं. हाच ‘कॅरी ऑन’ इतर ठिकाणी थोडा बदलतो. कुणी ‘कॅरिंग ऑन अबाउट’ एखादी गोष्ट असेल तर तो त्याच गोष्टीची कटकट लावून बसला आहे. आणि विमानतळावर ‘कॅरी-ऑन’ म्हणजे केबिनमध्ये न्यायची बॅग.

अशी जोडशब्दं एकेकटी फोडू नका, अख्खी उचला. ‘कॅरी आउट’ म्हणजे पार पाडणे: तपासणी, दुरुस्ती, आदेश. ऑफिसच्या इंग्रजीत हेच सगळ्यात जास्त लागतं. ‘इन्स्पेक्शन वॉज कॅरीड आउट ऑन मंडे’. तिथे चुकून ‘कॅरीड ऑन’ लिहिलंत तर तपासणी संपलीच नाही, चालूच राहिली, असा अर्थ होतो आणि समोरचा रिपोर्टची वाट बघत बसतो. ‘कॅरी ओव्हर’ म्हणजे या वेळचं पुढच्या वेळेत ढकलणे. ‘कॅरी फॉरवर्ड’ त्याचाच भाऊ. तुमची उरलेली रजा, धंद्यातला तोटा. प्राप्तिकरात धंद्याचा तोटा पुढच्या आठ वर्षांपर्यंत नफ्यातून वजा करता येतो, तेव्हा ‘लॉस कॅरी फॉरवर्ड’ हा शब्द तुम्हाला सीएच्या पत्रात दिसेल. रजेबद्दल बोलताना आपण ‘माझ्या पाच रजा कॅरी झाल्या’ म्हणतो ते मराठीत ठीक, इंग्रजीत मात्र ‘फॉरवर्ड’ जोडायलाच हवं.

‘कॅरीड अवे’साठी मराठीत तयार शब्द आहे, ‘वाहवत जाणे’. इंग्रजीतही तो बहुतेक कर्मणीच येतो: माणूस स्वतः वाहत नाही, भावनेचा लोंढा त्याला नेतो. ‘कॅरी ऑफ’ म्हणजे अवघड गोष्ट सहज निभावून नेणे. ‘तिने नऊवारी काय छान कॅरी केली आहे’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं, त्याचं मूळ या ‘कॅरी ऑफ’मध्ये आहे. मराठी बोलताना ‘ऑफ’ गळून पडलं. इंग्रजीत लिहाल तेव्हा परत जोडा, नाहीतर साडी घडी घालून हातात नेली असा अर्थ होईल.

ओझं नेहमी वजनाचंच असतं असंही नाही. कर्ज ‘कॅरीज’ नऊ टक्के व्याज, गुन्हा ‘कॅरीज’ सात वर्षांपर्यंतची शिक्षा. व्याज कर्जाच्या पाठीवर बसूनच येतं, शिक्षा गुन्ह्याच्या. अनुवाद करताना इथे ‘वाहणे’ अजिबात आणू नका. ‘कर्जावर व्याज लागतं’, ‘गुन्ह्याला शिक्षा आहे’, बस्स. वर्तमानपत्र बातमी ‘कॅरी’ करतं म्हणजे छापतं. दुकान एखादा ब्रँड ‘कॅरी’ करतं म्हणजे ठेवतं. ‘हर वर्ड्‌स कॅरी वेट’ म्हणजे तिच्या शब्दाला वजन आहे, इथे दोन्ही भाषा अगदी सारख्या बोलतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘द मोशन वॉज कॅरीड’ म्हणजे ठराव मंजूर झाला. तो उचलून कुठे नेला नाही, बहुमताने पेलला.

मला सगळ्यात आवडतो तो आवाजाचा वापर. ‘हर व्हॉइस कॅरीज’. गडकरी रंगायतनमध्ये माइक नसलेल्या नटाचं कुजबुजणंही बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत ऐकू आलं, तर त्याचा आवाज ‘कॅरी’ झाला. इथे वाहणारा कोणी दिसत नाही, हवाच नेते. मराठीत आपण ‘आवाज पोचतो’ म्हणतो. ‘पोचणे’ हा अर्थ लक्षात ठेवलात की क्रिकेटची कॉमेंट्रीही कळते. स्लिपमध्ये झेल गेला आणि अंपायर तिसऱ्या अंपायरकडे बघतो, ‘डिड इट कॅरी?’ म्हणजे चेंडू टप्पा न पडता हातात पोचला का. त्याच खेळात ‘कॅरी युअर बॅट’ निराळं आहे. सलामीला आलेला फलंदाज, समोरचे दहाही गडी बाद झाले तरी नाबाद परत येतो. फैसलाबादला जानेवारी १९८३ मध्ये पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकर १२७ धावांवर नाबाद राहिले, भारताकडून कसोटीत असं पहिल्यांदा घडलं. पुढे सेहवाग, द्रविड आणि पुजारा यांनीही ते केलं. डावाचं ओझं पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकाच्या खांद्यावर, असं ते चित्र आहे.

शाळेतलं ‘कॅरी’ तर तुम्हाला इंग्रजी यायच्या आधीपासून येतं. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो ‘हातचा’ म्हणजे इंग्रजीतला ‘कॅरी’. मला मराठी शब्द जास्त नेमका वाटतो, कारण आकडा कुठे ठेवला आहे हेही तो सांगतो. वजाबाकीत मात्र इंग्रजी माणूस ‘बॉरो’ म्हणतो, उसना घेतो. आपण तिथेही हातचाच म्हणतो.

एका जागी मात्र जपून. डॉक्टरांच्या कागदावर ‘कॅरियर’ आलं तर घाबरून जाऊ नका आणि कुणाला घाबरवूही नका. ‘थॅलेसेमिया कॅरियर’ म्हणजे आजारी माणूस नव्हे. त्याच्यात दोषाचं एक जनुक आहे, त्याची प्रकृती सहसा ठणठणीत असते. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून तपासणी महत्त्वाची. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी रिपोर्टमधल्या या शब्दाचं ‘रोगवाहक’ असं भाषांतर कुणीतरी केलं आणि त्याच्या बहिणीचं ताट-वाटी वेगळं ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. ‘रोग वाहणारा’ ऐकलं की डास-माश्या आठवतात. नुसतं ‘वाहक’ म्हणा आणि पुढे एक वाक्य जोडा: हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

शेवटचं तुमच्या अर्जासाठी. सायकलच्या मागचं कॅरियर आणि नोकरीतलं करिअर मराठीत लिहिताना आपण जवळजवळ एकच करून टाकतो. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आणि उच्चारही वेगळा. कॅरियरमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘कॅ’वर. करिअरमध्ये तो दुसऱ्यावर, ‘करीऽअर’. शिपिंगच्या ऑफिसात अर्ज करणाऱ्याने ‘माय कॅरियर ऑब्जेक्टिव्ह’ लिहिलं तर वाचणाऱ्याला तिथे खरोखरच एखादी शिपिंग लाइन दिसते. स्पेलचेक हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. तुमचा सीव्ही उघडा आणि हा एक शब्द आजच डोळ्यांनी शोधा.